रस्त्यापलीकडचं पाणी

विसूतात्या शिंप्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या दुकानाच्या दारातून बाहेर येत होते, आणि ते येणं बराच वेळ चाललं होतं. आधी पोट आलं. मग एक खांदा आला. मग दाराच्या चौकटीला धरून तात्या जरा थांबले, दम खाल्ला, आणि उरलेले आले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन देवासच्या हलवाई गल्लीत आलेली, डोक्यावरचा पदर सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आलेला. मला हसू फुटलं ते आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी तात्यांनी पाहायचं ते पाहिलंच. रागावले मात्र नाहीत.

"हसून घ्या, सूनबाई," ते म्हणाले. "ह्या गल्लीत सगळे तुमच्यासारखेच बारीक येतात. मी पण आलो होतो."

हे ते मनापासून म्हणायचे. माणूस तोंडानं जाड होत नाही, गल्लीनं होतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि गल्लीत येईल त्याला ते ऐकावं लागे. तात्या मूळचे धारचे. तिथं त्यांचं घर किल्ल्याच्या उतारावर, विहीर खाली, बाजार खाली, आणि गिऱ्हाइकं सगळी वर. दिवसातून कितीदा चढायचं आणि उतरायचं त्याला सुमार नाही. त्या काळातली त्यांची एक बंडी दुकानात खुंटीला टांगलेली असे. कोणी त्यांच्या मताला हसलं की ते ती काढून दाखवत. ती माझ्या धाकट्या दिराला सुद्धा घट्ट झाली असती.

"तात्या, तेव्हा संवत छप्पनचा दुष्काळ होता," आमचे हे एकदा म्हणाले. "दुष्काळात सगळेच बारीक असतात."

"दुष्काळात धारच्या सराफ्यात माणसं जाड होती," तात्या म्हणाले. "मी त्यांचे अंगरखे शिवलेत. मला काय सांगता?"

आणि खरं सांगायचं तर आमची गल्ली होतीच तशी. तोंडाशी भागीरथ हलवायाची कढई. पहाटे जिलबी, दुपारी कचोरी, संध्याकाळी रबडी आटायला लागली की तिचा वास अंथरुणापर्यंत पाठ सोडत नसे. गल्लीच्या मध्यावर गोड्या पाण्याची विहीर, पलीकडे मारुतीचं देऊळ, देवळाच्या पायरीवर माळणी भाजी घेऊन बसलेल्या. ऊन भरपूर, ओटे रुंद, आणि ओट्यावर बसलेलं माणूस उठायला कारणच नाही. जे हवं ते बसल्या जागी येई. तात्या विधुर होते. चूल पेटवायचा कंटाळा, आणि समोर कढई पेटलेलीच.

"लो तात्या, गरम हे, थोड़ो चाखी लो," भागीरथ ओरडायचा.

वैद्यबुवा म्हणायचे, "तात्या, तोंड आवरा."

"तोंड माझं आहे, आवरीन," तात्या म्हणायचे. "वास गल्लीचा आहे. तो तुम्ही आवरा."

तात्यांना लिहिता येत नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप ते सुताच्या दोरीवर गाठी मारून ठेवत. ही गाठ छातीची, ही कंबरेची, ही बाहीची. खुंट्यांवर अशा दोऱ्या लोंबत, आणि कोणती कोणाची हे तात्यांना अंधारातही कळे. बायकांचं माप अर्थातच अंगावर घेत नसत. आम्ही जुनी चोळी पाठवायची, तिला मापाची चोळी म्हणत, आणि तिच्यावरून ते नवी बेतत. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडायची त्यांची पद्धत होती, म्हणजे पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता येई. आमच्या ह्यांचा लग्नानंतरचा पहिला अंगरखा त्यांनी शिवला तो ह्यांच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायला लागला. मी तणतणत दुकानात गेले.

"तात्या, माप चुकलंय."

"चुकलं नाही. पुढच्या दिवाळीला लागेल," ते दोरा ओवत म्हणाले.

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या दुकानावरून मान वळवून गेले. पुढच्या दिवाळीला तो अंगरखा ह्यांना अगदी बेतल्यासारखा बसला. त्याच्या पुढच्या दिवाळीला शिवण उसवावी लागली.

तात्यांना एकच लेक, गोदी. आई लहानपणीच गेली. बापाच्या मांडीशी बसून चिंध्या शिवत वाढली, त्यामुळं तिचा हात बापापेक्षा बारीक आणि टाका बापापेक्षा जवळ. गोल चेहऱ्याची, हसरी, चालली की पैंजणांआधी हसू ऐकू यायचं. तिच्यासाठी सोनकच्छचं स्थळ आलं, तात्यांनी लांब म्हणून नाकारलं. हाटपिपल्याचं चांगलं घर चालून आलं, तेही लांब. शेवटी त्यांनी मुलगी दिली ती रस्त्यापलीकडे. त्यांच्या ओट्यावरून तिच्या सासरच्या बोळाचं तोंड दिसायचं. लोक म्हणाले, तात्यांना लेकीकडे जायला उठायला सुद्धा नको. तात्या म्हणाले, तेच तर.

आता इथंच सगळी गोची झाली, ती नीट सांगायला हवी. देवासला तेव्हा दोन महाराज होते. गाव एक, गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. भर बाजारातल्या रस्त्याची एक बाजू ह्यांची, दुसरी त्यांची. आमची हलवाई गल्ली थोरल्यांकडे, गोदीचं सासर धाकट्यांकडे. आणि आपल्यात रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माळव्यात तर त्याच्याही पुढं, लेक दिली त्या गावचं पाणीसुद्धा चालत नाही. मग प्रश्न आला, गोदीचं गाव कोणतं? देवास म्हणावं तर तात्यांनी आपल्या घरी पाणी प्यायचं कसं? समाजातली चार वडीलधारी माणसं ओट्यावर बसली, भागीरथच्या कचोऱ्या खाल्ल्या आणि निवाडा दिला. राजा वेगळा तर गाव वेगळं. तात्यांना रस्त्याच्या ह्या बाजूचं पाणी चालेल, त्या बाजूचं नाही.

तात्या खूष. "वर्षभरात नातवंड होईल, मग तिकडचंही पिऊ," म्हणाले. "घाई काय आहे?"

गोदीच्या सासरचा बोळ म्हणजे कोणा सरदाराच्या पागेच्या मागची फट. एका अंगाला पागेची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला घरांची रांग, आणि मध्ये बारमाही साचलेलं पाणी. ऊन भिंतीच्या माथ्यावरूनच परत जायचं. भिंतींना ओल इतकी की संक्रांतीतही हात लावला तर ओला व्हावा. बोळाच्या तोंडाशी पागेतले मोतद्दार, घोडे राखणारे गडी, चिलीम ओढत बसलेले, त्यामुळं सुनांनी बाहेर पडायची सोय नाही. डास आणि वास असा की भाजीवाल्या आत शिरत नसत. बायका दिवसभर घरात, आल्या दिवसाला डाळ-भाकरी आणि दर शरदाला हिवताप. त्या बोळात धडधाकट म्हणायचे ते पागेतले घोडे. त्यांना रोज सकाळी उन्हात फिरवून आणत. सुनांना कोण फिरवून आणणार?

पहिल्या संक्रांतीला गोदीकडून मापाची चोळी आली, तात्यांनी नवी शिवली, पाठवली. दुसऱ्या संक्रांतीला चोळी आली ती त्यांनी उलटी केली आणि तशीच मांडीवर धरून बसले. मी तेव्हा माझा खण द्यायला गेले होते. त्यांच्या शिवणीच्या आत दुसरी शिवण होती. बारीक, जवळजवळ टाक्यांची.

"ही माझी नाही," तात्या म्हणाले. "हा गोदीचा हात आहे. आत घेतलीय."

त्या दिवशी त्यांनी कचोरी मागवली नाही. संध्याकाळी भागीरथ कढई सोडून स्वतः बघायला आला, तात्या जिवंत आहेत की नाही.

तिसऱ्या संक्रांतीला त्या शिवणीच्या आत आणखी एक शिवण निघाली.

"सूनबाई," तात्या मला म्हणाले, "तुम्हाला तिकडचं पाणी चालतं. हळदीकुंकवाला म्हणून जाऊन या. आणि मला खोटं सांगू नका."

मी गेले. गोदीनं दार उघडलं, आणि क्षणभर मला वाटलं घर चुकले. चेहऱ्यावर नुसते डोळे उरले होते. हात थंडगार, अंग हळदीसारखं पिवळं, आणि पोटात डाव्या अंगाला हिवतापानं सुजलेल्या पाणथरीचा टणक गोळा, तो लुगड्यातूनही कळत होता. दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा तापात गेलं होतं. बाहेर कोणाला कळवलं नव्हतं.

"तात्यांना सांगा मी बरी आहे," ती म्हणाली.

आतून तिची सासू मथुराबाई म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "किडकी पोर गळ्यात बांधली आमच्या. चैत्रापर्यंत वाट बघते. मग वामनला दुसरी करते. सोनकच्छला चांगली धट्टीकट्टी मुलगी आहे."

त्या बाईचा मला तेव्हा राग आला, अजून येतो. बाई स्वतः काटकीसारखी, लेक वामनराव काटकीसारखा, शेजारीपाजारी सगळे काटक्या, आणि किडकी कोण, तर बाहेरून आलेली गोदी!

तात्यांना मी काही लपवलं नाही. सवतीचंही सांगितलं. ते ऐकत होते आणि सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते, आणि तो जात नव्हता.

"दिली तेव्हा तिच्या चोळीची दोरी ही होती," ते खुंटीकडं बोट करून म्हणाले. "पोर किडकी नाही, सूनबाई. बोळ किडका आहे. तिला तिथून काढायला हवं, नाहीतर पुढची संक्रांत दिसायची नाही."

"कुठं काढणार? माहेरी आणून ठेवलीत तर त्या दुसरी आणायला मोकळ्या. आणि वामनराव घरजावई होणार आहेत का?"

तात्यांनी सुई खाली ठेवली. मुलीच्या बापानं काय बोलावं? विहिणीला घर बदला म्हणणं म्हणजे तुमचं घर वाईट म्हणणं. ते ओट्यावर जाऊन बसले आणि दिवेलागणीपर्यंत बोळाच्या तोंडाकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवी चोळी घेऊन बरोबर यायला सांगितलं. रस्ता ओलांडताना दोनदा थांबले. मथुराबाईंच्या उंबऱ्याशी पोचले तेव्हा घामानं निथळत होते, आणि गोदी आतून तांब्या घेऊन आली, आणि मग तिला आठवलं, आणि ती तांब्या तसाच धरून दाराआड उभी राहिली. तात्यांनी तांब्याकडं पाहिलं नाही. डोक्यावरचं पागोटं काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"विहीणबाई, माझा जीव तुमच्या हातात आहे."

मथुराबाईंना ही सुरुवात आवडली. "काय झालं?"

"वैद्यबुवा म्हणतात, हलवाई गल्लीत राहिलात तर पुढची दिवाळी बघत नाही. चरबी काळजापर्यंत पोचलीय. मला बारीक व्हायचंय. साऱ्या देवासात फिरलो, तुमच्या बोळाइतकी बारीक माणसं कुठं नाहीत. जाड माणूस औषधाला सापडायचा नाही. हे घर मला राहायला द्या."

वैद्यबुवा असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी तात्यांना कित्येक महिन्यांत पाहिलंही नव्हतं.

"आणि आम्ही काय रस्त्यावर राहायचं?"

"माझं घर रिकामं होईल, तिथं या. फुकट नाही म्हणत मी, अदलाबदल. पण तुम्हाला त्रास पडेल, आधीच सांगतो. ऊन येतं. बायका ओट्यावर येऊन बसतात, गप्पा मारतात, उठत नाहीत. आणि समोर भागीरथची कढई. रोज संध्याकाळी रबडीचा वास."

मथुराबाई जरा पुढं सरकल्या. "रोज आटवतो?"

"रोज. मलई वेगळी काढून ठेवतो. काही इलाज नाही बघा."

मी खाली बघत उभी होते. वर पाहिलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. मथुराबाईंनी बराच विचार केल्याचं दाखवलं. मग म्हणाल्या, "व्याह्याचा जीव जात असेल तर नाही कसं म्हणायचं? पण चार माणसांत सांगावं लागेल, तुम्ही मागितलंत म्हणून."

"पागोटं उंबऱ्यावर आहे," तात्या म्हणाले. "ओरडून सांगतो."

आणि खरंच सांगितलं, बोळाच्या तोंडाशी उभं राहून, मोतद्दारांसकट सगळ्यांना. दुसरीचं नाव पुन्हा निघालं नाही. निघालंच तर तात्या जरा जोरात खोकत आणि म्हणत, "गोदी सून असेपर्यंत आपण व्याही. ती नसली की माझं घर मला परत."

अदलाबदल झाली, आणि पाण्याचा प्रश्न पुन्हा आला. तीच चार माणसं, तोच ओटा, त्याच कचोऱ्या. गोदी आता थोरल्यांच्या बाजूला राहायला आली, म्हणजे ह्या बाजूचं पाणी बंद. पण घर बदललं म्हणून सासर बदलत नाही, तेव्हा त्या बाजूचंही बंद. मग तात्यांनी प्यायचं काय? एक जण म्हणाला, बापडा मरेल हो. दुसरा म्हणाला, रीत रीत आहे. शेवटी कोणाला तरी टेकडी सुचली. टेकडी देवीची. तिच्यावर थोरल्यांचा हक्क तेवढाच धाकट्यांचा, म्हणजे ती कोणाचंच गाव नाही. टेकडीवर पुजाऱ्यांचं टाकं होतं. तिथलं पाणी चालेल असं ठरलं. धान्याचा विषय कोणी काढला नाही, ते सोनकच्छच्या बाजारातून येत असे.

मला वाटलं, तात्या आता भांडतील. मी त्यांच्या जागी असते तर चौघांना कचोऱ्यांसकट विहिरीत ढकललं असतं. तात्या नुसतं म्हणाले, "लेकीच्या बाबतीत रीत मोडायची नाही. उगाच तिला काही व्हायला नको."

तर असा तो माणूस, दारातून बाहेर पडायला ज्याला दम खावा लागे, तो रोज सकाळी डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढायला लागला. पहिल्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांवर बसत बसत गेला तो उन्हं उतरल्यावर खाली आला. पुजाऱ्यांना वाटलं, ह्यानं मोठा नवस बोललाय. वाटेतल्या बायका त्यांच्या पाया पडायला लागल्या. तात्या आशीर्वाद द्यायचे, कारण बोलायला श्वास नसे, हात तेवढा हलवता यायचा. खाली आले की बोळात शिरायचे. तिथं ना भागीरथ ना ओटा. स्वतः भाकरी थापायची, ती गिळायची, आणि दाराच्या उजेडात शिवत बसायचं.

होळीपर्यंत तात्या दारातून सरळ बाहेर येऊ लागले. पावसाळ्यापर्यंत पोट गेलं. दसऱ्याला धारची ती खुंटीवरची बंडी त्यांनी अंगात घातली, ती बसली, आणि ती घालून ते हलवाई गल्लीत आमच्या दारापर्यंत आले.

"काय म्हणत होतो?" ते ह्यांना म्हणाले. "आता कुठं आहे दुष्काळ?"

आमच्या ह्यांनी उपरणं पोटावर ओढून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या अंगरख्याची शिवण त्याच आठवड्यात पुन्हा उसवली होती.

भागीरथ मात्र रडवेला झाला. "म्हारो सब से बड़ो गिराईक ग्यो," म्हणायचा. मी म्हटलं, थांब भिया, बदली दुसरं आलंय. मथुराबाई तोवर रोज संध्याकाळी वाटी घेऊन कढईशी उभ्या राहू लागल्या होत्या.

आणि गोदी? पहिले काही दिवस ती दारातून बाहेर यायला भ्यायची. मग आम्ही बायकांनी तिला ओट्यावर ओढली. विहिरीवर जायचं, देवळात जायचं, माळणीशी भावावरून भांडायचं, ओट्यावर उन्हात बसून तांदूळ निवडायचे. कोणी तिला औषध दिलं नाही. त्या शरदात ताप आला तो दोन पाळ्या देऊन गेला. पाणथरीचा गोळा मऊ झाला. संक्रांतीला तिनं मला मापाची चोळी दिली, तात्यांना पोचवायला. तात्यांनी ती उलटी केली. सगळ्यात आतली शिवण उसवलेली होती. सुईची बारीक भोकं तेवढी उरली होती, त्यांवरून ते बोट फिरवत राहिले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "दिवा नीट नाही इथं."

भर दुपारी दिवा कशाला लागतो, ते मी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी गोदीला मुलगी झाली. चांगली लठ्ठ, रडली की रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. मथुराबाई म्हणाल्या, मुलीनं काय होतंय, मुलगा झाल्याशिवाय व्याह्यांना पाणी चालत नाही. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. बारशाला तात्या आले होते. ते म्हणाले, "मला तहान लागलीय. मला मुलगी चालते."

असं त्यांनी रीतीच्या विरुद्ध आयुष्यात पहिल्यांदाच काही म्हटलं असेल. कोणी काही बोलायच्या आत गोदी आतून तांब्या घेऊन आली. ह्याच विहिरीचं पाणी ते कित्येक वर्षं प्यायले होते. दोन्ही हातांनी तांब्या धरला, वर केला आणि घटाघटा रिकामा केला. आम्ही बायका पाळणा हलवायचं विसरून बघत होतो. मला रडू आलं. गोदी तर उघड उघड रडत होती.

तात्यांनी तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं. "पाणी जड आहे ह्या गल्लीचं," म्हणाले. "मी सांगत होतोच."

गोदीनं पाय धरले. म्हणाली, तात्या, आता इकडंच या. मथुराबाई लगेच म्हणाल्या, "तर काय! त्यांचं घर त्यांना घेऊ देत. आम्ही जातो आपल्या घरी. किती दिवस दुसऱ्याच्या दारात राहायचं?" रबडी गोड लागत होती, पण स्वतःचं घर ते स्वतःचं, हे बाईच्या डोक्यातून जात नव्हतं. बोळ रिकामा होण्याची ती वाटच बघत होती. गोदीचा चेहरा उतरला. पाळण्यातल्या पोरीकडं तिनं पाहिलं ते मी पाहिलं, आणि तात्यांनीही पाहिलं.

"छे छे, विहीणबाई," ते म्हणाले. "मी अजून पुरता बारीक झालो नाही. अजून थोडं राहिलंय."

धारची बंडी सुद्धा त्यांच्या अंगावर तेव्हा लोंबत होती. पण मोठ्या माणसानं असं सांगितल्यावर कोणी काय बोलणार?

मग हे दर सणाला चालू झालं. मथुराबाई घराचं काढायच्या, आणि तात्या निरोप पाठवायचे, अजून थोडं राहिलंय. आता पाणी चालत होतं, टेकडी चढायचं कारण नव्हतं, आणि पुढंपुढं चढवतही नव्हतं. पुजारी विचारायला खाली आले, नवस फिटला का म्हणून. तात्या म्हणाले, फिटला. पुढच्या शरदात बोळानं त्यांना धरलं. एकाआड एक दिवस थंडी भरून ताप यायचा. मला त्यांनी बजावून ठेवलं होतं, गोदीला सांगायचं नाही. कळलं तर ती पोरीला घेऊन इथं शुश्रूषेला येऊन बसेल.

त्यांना शेवटचं पाहिलं ते संक्रांतीच्या आधी, मापाची चोळी घेऊन गेले तेव्हा. बोळाच्या तोंडाशी दुपारी घटकाभर उन्हाची एक पट्टी पडते. तिच्यात ते चटई टाकून बसले होते. अंगावर त्यांची हलवाई गल्लीत असतानाची अवाढव्य जुनी बंडी, दोनदा गुंडाळून घेतलेली, पांघरुणासारखी. मोतद्दार त्यांना वाट देऊन बाजूला बसले होते. थंडी भरली होती, दात वाजत होते.

"तात्या, पुरे झालं आता," मी म्हटलं. "चला घरी. पुरते बारीक झालात. विहीणबाईंचं काय करायचं ते मी बघते."

"आधी चोळी द्या."

त्यांनी ती उलटी केली. गोदीची एकही शिवण उरली नव्हती. त्यांची स्वतःची शिवणही उसवलेली होती, आणि दोन बोटं सोडलेलं सगळं कापड बाहेर काढून पार कडेवर टाके घातले होते. तात्यांनी चोळी उन्हात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. इतका खूष झालेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

"सैल करायला काही उरलंच नाही हो!" ते म्हणाले. "आता नवीच बेतायला हवी. खण द्या इकडं."

"तात्या, घरी चला."

"घरी सांगा, तात्या म्हणतात अजून थोडं राहिलंय."

त्यांनी खण मांडीवर पसरला. हात थरथरत होता. कात्री लावायच्या आधी तो थांबावा म्हणून ते वाट बघत बसले, आणि मी निघाले.

चोळी संक्रांतीला वेळेवर आली. त्या महिन्याच्या अखेरीला तात्या गेले. बोळातल्या घराची भिंत त्यांच्या मागोमाग पावसाळ्यात खचली, आणि मथुराबाईंचा परत जायचा विषय संपला तो कायमचा.

गोदीनं चोळी घातली तेव्हा ती तिला चांगली ढगळ झाली. सुई घेऊन बसली, आत घ्यायला. तापात माप चुकलं असेल तात्यांचं, म्हणाली.

मी तिच्या हातून सुई काढून घेतली. "आत घेऊ नकोस," म्हटलं. "चुकलेलं नाही. पुढच्या संक्रांतीला लागेल."

पुढच्या संक्रांतीला ती बसली.